मुक्काम चांदा

रात्री साडेनऊच्या सुमारास जटपुरा गेटच्या कमानीत आमचा ऑटो अडकला. समोरून भाजीचा टेम्पो आला होता, मागे दुचाकींची रांग लागली होती. चालकानं इंजिन बंद केलं. मी डोकं बाहेर काढून वर पाहिलं. रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात दगडातलं ते जनावर दिसलं. अंग सिंहाचं, पंजाखाली हत्ती. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांची ही खूण. "गेट लहान हाये जी, गाव मोठं झालं," चालक म्हणाला. टेम्पो मागे सरकेपर्यंत आम्ही दोघं त्या कमानीखाली गप्प बसून राहिलो.

परकोटाच्या आत, गांधी चौकापासून चालत जाण्याच्या अंतरावर, एका छोट्या लॉजमध्ये मला खोली मिळाली होती. खोली स्वच्छ, चादर धुतलेली, खिडकीला कूलर. जेवायला खाली उतरलो तेव्हा टेबलावर प्लास्टिकच्या वेष्टणातलं मेनूकार्ड आलं. पनीर बटर मसाला, दाल तडका, व्हेज कोल्हापुरी, हक्का नूडल्स. मी वाढपी पोराला विचारलं, इकडचं काही मिळेल का? सांबारवडी, लाखोळीची डाळ, वास्त्याची भाजी? तो खराखुरा गोंधळला. "ते तर घरी करतेत जी. हॉटेलात कोन मांगते?"

या एका वाक्यामुळे मी नंतरचे आठ दिवस चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत मुक्काम आणि जेवण एवढंच शोधत फिरलो. पाहुणा इथे कुठे उतरतो, काय खातो, आणि या मुलखाची ओळख त्याच्या ताटात पडते की नाही, हे मला बघायचं होतं.

लहानपणी मे महिन्यात मी चांद्याच्या भानापेठेत मावशीकडे यायचो. सागाचे खांब, जाड भिंती, मधल्या चौकात पाण्याचा हौद आणि माळवदावर रात्रीची अंथरुणं. दुपारी पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला तरी मधल्या खोलीत ओल्या फडक्यासारखा गारवा असायचा. आलेला माणूस ओळखीचा असो-नसो, मावशी आधी गूळपाणी देणार आणि मग "जेवाले बसा" म्हणणार. ते घर आता नाही. वाटण्या झाल्या, खांब विकले गेले आणि जागेवर तीन मजली इमारत उभी राहिली. तेव्हा मी कोणापाशी काही बोललो नाही. आज मात्र बोलायचं आहे, कारण तशी काही घरं अजून उभी आहेत.

या गावाचा इतिहास पुस्तकातून शोधून काढावा लागत नाही, रोज बाजाराला जाताना तो ओलांडावा लागतो. बल्लारपूरला राजधानी असलेल्या खांडक्या बल्लाळशहाची कथा इथल्या कोणत्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा. राजाच्या अंगावर गळवं होती. शिकारीला गेलेला तो तहानला आणि झरपट नदीच्या डबक्यातलं पाणी प्यायला, त्यानं तोंड-हात धुतले, आणि त्या रात्री त्याला गाढ झोप लागली. राणीनं सकाळी पाहिलं तर गळवं बसलेली. त्या पाण्याच्या जागी अचलेश्वराचं ठाणं झालं. पुढे तिथेच राजाला एक ससा त्याच्या कुत्र्याचा पाठलाग करताना दिसला. ज्या मातीत ससा कुत्र्याला पळवतो तिथे राजधानी करावी, असं राणीनं सांगितलं. ससा-कुत्रं ज्या वाटेनं धावले त्या वाटेवर परकोटाची आखणी झाली. कथा कथा म्हणून घ्यावी. पण पंधराव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेली ती भिंत पुढच्या राजांच्या पिढ्यांनी पुरी केली आणि ती आजही गावाला वेढा घालून आहे. गावातली माणसं तिची लांबी ११ किलोमीटर सांगतात. चार दरवाजे आहेत: जटपुरा, अचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा. आणि खिडक्या, म्हणजे माणूस पायी आत-बाहेर करू शकेल अशी लहान दारं: बगड खिडकी, हनुमान खिडकी, विठोबा खिडकी, चोर खिडकी, मसण खिडकी. नावांवरूनच कळतं की कोणत्या दारातून कोण जायचं.

पूर्वेला अचलेश्वर गेटाजवळ राजा बीरशहाची समाधी आहे. ती बांधली त्याच्या राणीनं, हिराईनं. नवऱ्याचा खून झाल्यावर अठराव्या शतकाच्या आरंभी तिनं दत्तक मुलाच्या नावानं राज्य चालवलं, महाकालीचं देऊळ उभारलं, अचलेश्वराचा जीर्णोद्धार केला. विधवेनं नवऱ्यासाठी बांधलेली इतकी देखणी वास्तू महाराष्ट्रात दुसरी मला तरी माहीत नाही. तिच्या आवारात मी संध्याकाळी तासभर बसलो. वॉर्डातली मुलं क्रिकेट खेळत होती. बाहेरगावचा माझ्याखेरीज कोणी नव्हता.

१७५१ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांनी गोंडांचं राज्य घेतलं. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी तोफा लावून परकोट फोडला. २१ ऑक्टोबर १८५८ ला इंग्रजांविरुद्ध उठलेल्या बाबुराव शेडमाके या तरुण गोंड जमीनदाराला चांद्याच्या तुरुंगात फाशी दिलं. १६ ऑक्टोबर १९५६ ला, नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे धम्मदीक्षा दिली. जिल्ह्याचं नाव पुढे चंद्रपूर झालं, २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली वेगळा निघाला, पण गोंदिया मार्गावरचं रेल्वे स्टेशन आजही चांदा फोर्टच आहे.

एवढं सगळं असलेल्या गावात पाहुण्यानं उतरावं असं एकही जुनं घर नाही.

याचं कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. चंद्रपुरातला हॉटेलधंदा कोळसा, वीज, कागद आणि सिमेंट यांच्या जिवावर वाढला. खाणीत तपासणीला आलेला अधिकारी, २९२० मेगावॅटच्या वीजकेंद्रात दुरुस्तीसाठी आलेला कंत्राटदार, कारखान्याला यंत्रं विकणारा प्रतिनिधी, हे त्याचं गिऱ्हाईक. त्याला रात्री एसी हवा, सकाळी लवकर चहा हवा आणि जेवण असं हवं की ते भुसावळलाही तसंच आणि बिलासपूरलाही तसंच लागेल. त्यात त्याचं काही चुकत नाही, तो कामासाठी आलेला असतो. पण त्याच्या सोयीनं सगळा मेनू ठरला आणि गावाचं स्वतःचं जेवण घराच्या आत राहिलं.

दुसरं गिऱ्हाईक वाघाचं. ते गावात येतच नाही. नागपूरच्या विमानतळावर उतरायचं, गाडीत बसायचं आणि कोलारा, नवेगाव किंवा मोहर्लीच्या गेटवर थेट पोचायचं. ताडोबा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य आलं आणि नव्वदच्या दशकात दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. गाभा ६२५ चौरस किलोमीटर, बफर धरून १७२७. या जंगलाच्या कडेनं गेल्या पंचवीस वर्षांत रिसॉर्टांची एक माळ तयार झाली आहे. मी त्यातल्या दोन ठिकाणी जेवलो, एका ठिकाणी राहिलो. त्यांच्याबद्दल वाईट बोलण्याचं मला कारण नाही. काही ठिकाणी मातीच्या विटा, स्थानिक लाकूड आणि पावसाचं पाणी यांचा विचार मनापासून केला आहे. जवळच्या गावातली मुलं-मुली तिथे काम शिकली. मोहर्लीच्या गेटवर सफारीच्या मार्गदर्शक म्हणून बायका उभ्या राहिल्या आणि जंगल वाचता येणं ही त्यांची मिळकत झाली. हा बदल मोठा आहे.

तरी जेवणाच्या वेळी मला तिथे परकं वाटलं. लांबलचक टेबलावर तांब्याची झाकणं होती. त्यांच्याखाली छोले, पास्ता, जिरा राइस आणि गुलाबजाम. कोपऱ्यात 'स्थानिक चव' अशी पाटी होती आणि तिच्यामागे पिठलं-भाकरी. पिठलं-भाकरी चांगलीच, पण ती सोलापूरची आणि साताऱ्याचीही आहे. हा तर भाताचा देश आहे! इथे भाकरीसुद्धा तांदळाच्या पिठाची होते. रिसॉर्टच्या कुंपणापासून हाकेच्या अंतरावर धानाच्या बांध्या होत्या आणि ताटात बासमती होता.

ताटातल्या भाताबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण देशातल्या कितीतरी घरांत रोज शिजणारा एक भात या जिल्ह्यातून निघाला. नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं खेडं आहे. तिथले दादाजी खोब्रागडे हे दीड एकराचे शेतकरी. १९८३ च्या सुमारास त्यांना 'पटेल-३' या वाणाच्या बांधीत वेगळ्या, पिवळसर लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, दुसऱ्या वर्षी पेरल्या, पुन्हा निवडल्या. दाणा बारीक, शिजल्यावर मऊ, वास चांगला, उतारा जास्त. बाजारात त्या काळी एचएमटीच्या घड्याळाची चलती होती, म्हणून धानाला तेच नाव पडलं. आज एचएमटी तांदूळ अनेक राज्यांत पिकतो. 'फोर्ब्स'नं २०१० मध्ये ग्रामीण उद्योजकांच्या यादीत त्यांचं नाव घेतलं. वाण दूरवर गेला, पैसा दादाजींपर्यंत पोचला नाही, आणि जून २०१८ मध्ये ते गेले तेव्हा घरची स्थिती बेताचीच होती. चंद्रपुरातल्या एकाही हॉटेलच्या मेनूवर भाताच्या ओळीत त्यांचं नाव असू नये, याचं मला फार वाईट वाटतं. दुसऱ्या कोणत्या देशात असतं तर त्या भातासाठी माणसं त्या खेड्यापर्यंत प्रवास करत आली असती.

जे हॉटेलात मिळालं नाही ते मला बालाजी वॉर्डातल्या एका मेसमध्ये मिळालं. मेस म्हणजे घराची पुढची खोली. बाहेर पाटीही नाही. परीक्षेची तयारी करणारी मुलं आणि बँकेतले दोघे-तिघे एकटे नोकरदार तिथे जेवतात. चालवणाऱ्या काकू साठीच्या. मी आदल्या दिवशी जाऊन सांगून आलो होतो की तुम्ही घरी खाता तेच मला वाढा. त्यांनी विचारलं, "लाखोळी चालते ना जी तुमाले? लोकं भेतेत."

लोक भितात त्याला कारण आहे. धान कापण्याआधी ओल्या बांधीत लाखोळी फेकून द्यायची, मग नांगरट नाही, पाणी नाही, खत नाही, आणि तरी डाळ हाती येते. गरिबाचं हे सर्वांत भरवशाचं पीक. दुष्काळात दुसरं काही नसताना माणसं महिनोन्‌महिने फक्त तीच खात राहिली की पाय लुळे पडतात, म्हणून १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. महाराष्ट्रानं ती २००८ मध्ये उठवली. मधल्या काळात झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या जंगलपट्ट्यातल्या, घरांनी ती खाणं कधी सोडलं नाही. भाताबरोबर, इतर भाज्यांबरोबर, मापात खाल्ली तर ती एक चविष्ट डाळ आहे.

काकूंनी ताट वाढलं. एचएमटीचा भात. लाखोळीचं घट्ट वरण, वर लसणाची खरपूस फोडणी. सांबारवडी, म्हणजे इकडे ज्याला सांबार म्हणतात त्या कोथिंबिरीचं सारण पातळ पारीत गुंडाळून तळलेली. जवसाची चटणी. अंबाडीची आंबट भाजी. आणि एका वाटीत बोडीतल्या लहान माशांचा रस्सा. बोडी म्हणजे शेताशेजारचं छोटं तळं. पूर्व विदर्भात अशा तळ्यांचं आणि मोठ्या माजी मालगुजारी तलावांचं जाळं आहे. लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. कोहळी समाजानं ते बांधले, त्यांच्या पाण्यावर धान उभं राहिलं आणि त्यांच्या पोटात ढिवरांची मासेमारी. एका वाटीतल्या रश्शात एवढा सगळा मुलूख उतरलेला असतो. मी तीन वेळा भात घेतला. काकू चौथ्यांदा वाढायला आल्या तेव्हा हात आडवा धरावा लागला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मावशीची तीच नाराजी दिसली.

त्यांना मी विचारलं, तुम्ही बाहेरच्या पाहुण्यांना का नाही वाढत हे? त्या म्हणाल्या, "कोनी आलंच नाही ना विचाराले."

पावसाळ्यात आलो असतो तर ताट आणखी वेगळं असतं. आषाढात बांबूचे कोवळे कोंब येतात, त्यांना वास्ते म्हणतात. किसून, उकळून, कडूपणा काढून त्यांची भाजी करतात. वारुळावर उगवणारी अळिंबी म्हणजे सात्या. एकदा सापडली की त्या घरात त्या दिवशी दुसरं काही शिजत नाही. तरोट्याचा कोवळा पाला, कुड्याची फुलं, धोप्याच्या पानांच्या वड्या. उन्हाळ्यात मोहफुलं. मोहाचं नाव घेतलं की शहरी माणसाला फक्त दारू आठवते. गोंड-माडिया घरांत वाळवलेलं मोहफूल हे आधी अन्न आहे. ते उकडून खातात, भाजून कुटतात, त्याचे लाडू करतात. त्याच्या बियांचं तेल स्वयंपाकाला आणि दिव्याला चालतं. आता बचतगटांच्या बायका ते लाडू डब्यात भरून विकू लागल्या आहेत, आणि चंद्रपूरच्या कोणत्याही हॉटेलनं सकाळच्या चहाबरोबर तो एक लाडू बशीत ठेवायला काहीच हरकत नाही.

या मुलखाला पाहुणचार येत नाही असं कोणी म्हणत असेल तर त्यानं तीन प्रसंग पाहावेत. चैत्रात महाकालीची यात्रा भरते. नांदेड-परभणीकडून आणि तेलंगणातून हजारो माणसं येतात, झरपटेत अंघोळ करतात, देवळाभोवती उघड्यावर चुली मांडतात. ऑक्टोबरच्या १५-१६ ला दीक्षाभूमीवर लोक येतात आणि गावातले लोक रस्तोरस्ती त्यांना जेवू घालतात. आणि तिसरा प्रसंग झाडीपट्टीच्या नाटकांचा. भाऊबीज झाली की वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्यांचे दौरे सुरू होतात. गावोगाव मंडई, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्रभर नाटक. ज्या गावात नाटक असतं तिथे प्रत्येक घरात पाहुणे भरलेले असतात. लेकी-जावई, व्याही, मित्राचे मित्र. तणसाचे गादे टाकून झोपायची सोय आणि दुपारपासून पेटलेल्या चुली. या रंगभूमीचे ज्येष्ठ कलावंत डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा उर्वरित महाराष्ट्राला तिची दखल घ्यावीशी वाटली. नाटकाच्या रात्री त्या गावात एक खोली मिळते, एवढं जरी पुण्या-मुंबईच्या नाटकवेड्यांना माहीत झालं तरी ते गाडी पकडतील, याची मला खात्री आहे.

वैनगंगा ओलांडून गडचिरोलीत गेलं की हॉटेल हा शब्द हळूहळू मागे पडतो. चामोर्शीजवळ मार्कंड्याला नदी उत्तरेकडे वळते आणि तिच्या काठावर कोरीव देवळांचा समूह उभा आहे. महाशिवरात्रीला तिथे पाय ठेवायला जागा नसते, इतर दिवशी नदीचा आवाज ऐकू येतो. वैरागडचा किल्ला झाडीत बुडालेला आहे. एके काळी तिथल्या हिऱ्यांच्या खाणींसाठी राज्यकर्ते झगडले. आलापल्लीच्या जंगलात सागाची जुनी झाडं आहेत. सिरोंच्याला प्राणहितेच्या काठी ब्रिटिशकाळातलं विश्रामगृह आहे, उंच छताचं, रुंद व्हरांड्याचं. १८६० ते १८७४ या काळात सिरोंचा हे अप्पर गोदावरी जिल्ह्याचं मुख्य ठाणं होतं, हे आज तिथे उतरणाऱ्यालाही कोणी सांगत नाही. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती मिळतात. तिथे एका माडिया घरी मी कोसरी या भरडधान्याची आंबील प्यालो आणि लाल मुंग्यांची चटणी खाल्ली. ती आंबट असते, लिंबापेक्षा वेगळी, जिभेच्या कडांना झोंबणारी. ज्यांच्या घरी ती खाल्ली त्यांनी पैसे घेतले नाहीत. घ्यायला हवे होते. पाहुणचार हा त्यांचा धर्म आहे, पण मी काही त्यांचा जावई नव्हतो, मी पैसे मोजून प्रवास करणारा माणूस होतो.

गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. बाहेरून येणाऱ्यानं ही गोष्ट आधीच माहीत करून घ्यावी आणि मनापासून पाळावी. ही बंदी गावातल्या बायकांनी झगडून मिळवली आहे.

इथे एक काळजी मला व्यक्त केलीच पाहिजे. पाहुणा आला की त्याच्यामागून जमीन घेणारा येतो. ताडोबाच्या भोवती ते झालं आहे. गडचिरोलीत ते होऊ द्यायचं नसेल तर धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाकडे पाहावं लागेल. तिथल्या ग्रामसभेनं २००९ मध्ये आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क कायद्यानं मिळवला, आणि बांबू कधी तोडायचा, कोणाला विकायचा हे गाव सगळ्यांच्या संमतीनं ठरवतं. ग्रामसभेचे नेते देवाजी तोफा यांच्या या गावात अभ्यासाला येणारा माणूस ग्रामसभेचा पाहुणा असतो. खोली कोणाच्या घरी, जेवण कोणत्या घरी, दर किती आणि जंगलात कुठपर्यंत जायचं, हे ग्रामसभेनं ठरवावं. या जिल्ह्यात दुसऱ्या कोणत्याही रीतीनं पर्यटन आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

चांद्याचा प्रश्न मात्र वेगळा आहे आणि सोपाही आहे. इथे उभ्या असलेल्या जुन्या घरांत पाहुणा उतरवायचा आहे, आणि जुन्या वास्तूत पाहुण्याची सोय इतरत्र झालेली आहे.

सावंतवाडीच्या राजवाड्यात भोसले घराण्यानं अलीकडे मोजक्या खोल्यांचं एक लहान हॉटेल सुरू केलं. खोल्यांची सजावट गंजिफाच्या दशावतारी पत्त्यांवरून केली आहे. तीच गंजिफा कला या घराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवींनी जवळजवळ मरणाच्या दारातून परत आणली होती. तिथे उतरलेला माणूस कारागिरांचं काम डोळ्यांसमोर पाहतो. गोव्याच्या उत्तर टोकाला तेरेखोलचा किल्ला आहे. त्यात सातच खोल्यांचं हॉटेल निघालं आणि त्या खोल्यांना वारांची नावं दिली. पणजीच्या फोंतायनशमध्ये जुन्या पोर्तुगीज वळणाच्या घरांतून माणसं उतरतात आणि म्हणून ती घरं रंगवलेली, राहती, जिवंत आहेत. स्पेनच्या सरकारनं तर १९२८ पासून जुने किल्ले आणि मठ दुरुस्त करून त्यांत पाहुण्यांची सोय केली. त्यांना ते पारादोर म्हणतात.

पण चांद्याला सर्वांत जवळची वाटते ती इटलीतली गोष्ट. १९७६ मध्ये फ्रिउली भागात भूकंप झाला, गावं ओस पडली. तिथल्या लोकांनी नवं हॉटेल बांधण्याऐवजी गावातल्या मोकळ्या घरांतल्या खोल्या दुरुस्त करून पाहुण्यांना द्यायचा विचार केला. एका गल्लीत दोन खोल्या, दुसरीत तीन, जेवण चौकातल्या खानावळीत, किल्ल्या एका ठिकाणी. सगळं गावच हॉटेल. ही रीत पुढे इटलीभर पसरली.

परकोटाच्या आत हे का जमेल, याचं कारण कायद्यातच आहे. परकोट केंद्रीय पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. भिंतीला लागून राहणाऱ्या शेकडो कुटुंबांसाठी ही जाच वाटणारी गोष्ट आहे. मुलाचं लग्न झालं, खोली वाढवायची तर कागद. त्यांचा राग मी ऐकला आहे आणि तो मला पटतो. पण याच कायद्यात जुन्या घराच्या दुरुस्तीला परवानगी घेऊन वाट आहे. म्हणजे ज्या पट्ट्यात टोलेजंग हॉटेल कधीच येऊ शकत नाही, तिथे जुनं घर नीट करून दोन खोल्या पाहुण्यांसाठी ठेवणं शक्य आहे. जी भिंत आज घरमालकाला अडवते तीच त्याला कमाई देऊ शकते. राज्यात निवास व न्याहारीची योजना आहे, तिचा आधार घेता येईल. खाटा आणि दिव्यांची झाकणं चिचपल्लीच्या बांबू प्रशिक्षण केंद्रात शिकलेल्या कारागिरांकडून करून घ्यावीत, पडदे नागभीडच्या कोशाचे असावेत. सागाचे खांब विकू नयेत. याच मुलखातला साग २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी वाजतगाजत गेला. भानापेठेतल्या घरांचे खांब मात्र जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे मुकाट्यानं जातात.

भिंतीची सेवा करणारी माणसं गावात आहेत. इको-प्रो या संस्थेच्या तरुणांनी बंडू धोतरे यांच्याबरोबर मार्च २०१७ पासून रोज पहाटे परकोटावरची झाडं-झुडपं, कचरा आणि माती काढायला सुरुवात केली. महिनोन्‌महिने ते खपले, त्यांचा उल्लेख त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पंतप्रधानांच्या 'मन की बात'मध्ये झाला. झुडपांखाली बुजलेले बुरुज आणि जिने त्यांच्यामुळे दिसू लागले. मी एका सकाळी भिंतीवरून चाललो. डावीकडे झरपटेचं पात्र, उजवीकडे घरांची परसं, वाळत घातलेल्या साड्या, पहिल्या चुलीचा धूर. खाली एका टपरीवर पोह्यांची तर्री उकळत होती. उतरून दोन प्लेट तर्री-पोहे खाल्ले.

शेवटच्या रात्री त्याच लॉजवर परतलो. त्या वाढप्या पोराला मी बालाजी वॉर्डातल्या काकूंच्या मेसचा पत्ता दिला आणि म्हटलं, पुन्हा कोणी इकडचं जेवण मागितलं तर इथे पाठव. त्यानं पत्ता मोबाइलमध्ये टिपून घेतला. मग म्हणाला, "माह्या आईलेबी येते जी सांबारवडी."

वाचकहो, दिवाळीच्या सुट्टीत ताडोबाची सफारी ठरवली असेल तर एक दिवस वाढवा. परकोटाच्या आत साधी का होईना, एक खोली घ्या. सकाळी बीरशहाच्या समाधीपाशी बसा, लालपेठेत उघड्यावर पडलेल्या प्रचंड दगडी मूर्ती पाहा, पठाणपुरा गेटातून संध्याकाळी बाहेर पडून इरई-झरपटेच्या संगमाकडे चालत जा. जिथे जेवाल तिथे भात कोणता म्हणून विचारा, लाखोळी मागा, नाही म्हणाले तरी मागा. मागणारा आला की वाढणारे तयार आहेत. दिवस कोणता निवडावा हे ठरत नसेल तर मंगळवार धरा. मंगळवारी ताडोबाची सफारी बंद असते, आणि चांद्याचे चारही दरवाजे उघडे असतात.